सभापतींचा टर्बो

पंचायत समितीचे सभापती डुबल यांच्या टर्बो पेट्रोल गाडीत एकशे साठ घोडे होते आणि त्यांच्या बढाईत किमान दोनशे. साहेब स्वतः गाडी भरधाव हाकत आणि कचेरीसमोर थांबल्याक्षणी इंजिन बंद करत. इंजिनाला जोर देणाऱ्या तापलेल्या टर्बोला तेल मिळेनासं व्हायचं आणि तो आतल्या आत करपायचा. वर्षात दोन टर्बो गेले.

"थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा," यासीन मिस्त्री सांगून थकला.

"मी इंजिनासाठी थांबू? अरे, लोक माझ्यासाठी थांबतात! तिसरा टर्बो गेला, तर तुझं गॅरेज बंद."

यासीनने डोकं खाजवलं. "बरं, नका थांबू. पण साहेब, एवढा मोठा माणूस स्वतः दार उघडून उतरतो होय? आत एसी लावून बसावं. शिपायाने अदबीने दार उघडलं, की मगच उतरावं."

साहेबांना हे भलतंच पटलं.

वर्षभर टर्बो ठणठणीत राहिला. सभापती कचेरीसमोर चारचौघांत गरजले, "बघ यासीन! इंजिनासाठी मी एकदाही थांबलो नाही. टिकलं की नाही?"

"टिकणारच साहेब," हात पुसत यासीन म्हणाला. "एसीसाठी इंजिन चालूच राहतं, आणि साठ आकडे मोजल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, असं मी शिपायाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय."