आवडाकाकी आणि खताचे राखणदार

समुद्राला लागून एक माडांचं गाव होतं. किती जुनी गोष्ट, ते विचारू नका. तेव्हाही माड होते, माणसं होती, आणि माणसांना दुसऱ्याच्या चुका लांबूनही स्पष्ट दिसत होत्या. त्या गावात आवडाकाकी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली लग्न होऊन आपापल्या घरी नांदत होत्या. काकीजवळ उरले होते एकोणीस माड, दोन गाई आणि तिचा हट्टी स्वभाव.

या गावात घराची पत खताच्या ढिगावरून ठरायची. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की त्यांना ओटीवर बसवण्याआधी परसात नेऊन शेणखताचा ढीग दाखवायचे. ढीग जितका उंच आणि जितका जुना, तितकं घर भरलेलं. तो मोडायचा नाही, उलथायचा नाही, कडेकडेचं लागेल तेवढं खत माडांना घालायचं आणि आतलं तसंच राहू द्यायचं. दिवाळीच्या पाडव्याला गावातल्या सगळ्यांत उंच ढिगावर पहिला दिवा लागायचा, आणि गेली सात वर्षं तो मान काकीकडे होता. 'शेणाचं कसलं कौतुक' असं ती चारचौघांत म्हणायची खरी, पण पाडव्याच्या आदल्या दिवशी खोऱ्याने थापून थापून ढीग वीतभर उंच करायला विसरायची नाही.

ढिगात कधी पांढऱ्या, बोटाएवढ्या जाड अळ्या दिसायच्या. तांबडं डोकं, अंग दुमडून पडलेल्या, अगदी मऊ. गावातले लोक त्यांना 'खताचे राखणदार' म्हणत. त्या शेण खाऊन त्याचं भुसभुशीत खत करतात, म्हणून त्यांना कुणी हात लावत नसे. चुकून एखादी अळी खोऱ्यावर आलीच, तर म्हातारीकोतारी माणसं ती अलगद उचलून परत ढिगात ठेवत.

एका वर्षी माडांना भुंगा लागला. काळा, चकचकीत, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग असलेला. माडाच्या शेंड्यात नवं पान सुईसारखं मिटलेलं असतं, तेव्हाच हा तिथे शिरतो आणि आतून कुरतडतो. ते पान पुढे उघडतं ते कात्रीने कापल्यासारखं. एखाददुसरं पान गेलं तर माड सोसतो. पण पुन्हा पुन्हा घाव बसले आणि आतला कोंब सडला की संपलं. माडाला तेवढा एकच कोंब असतो, बाजूने दुसरा फुटत नाही. संक्रांतीपर्यंत काकीचे तीन माड गेले. राहिलेल्या सोळांपैकी अकरांची पानं कापलेली होती. नवऱ्याने खांद्यावरून पाणी वाहून जगवलेली झाडं ती. काकी एकेका बुंध्याला हात लावून उभी राहायची आणि तिला रडू यायचं.

रडून झालं की राग यायचा, आणि राग कुणावर काढायचा ते तिला ठाऊक होतं. तिच्या कुंपणापलीकडे तुळाजी राहायचा. त्याची चार शिंदीची झाडं होती. त्यांचा रस काढून विकायचा, त्यावर त्याचं घर चालायचं. त्याच्याकडे गाय नव्हती, त्यामुळे खताचा ढीगही नव्हता, आणि ढीग नाही म्हणून गावात त्याला काडीची किंमत नव्हती. एकदा त्याच्या शिंदीच्या शेंड्यात शिंगवाले भुंगे सापडले. काकीने ते पानात गुंडाळले आणि गावकरापुढे नेऊन टाकले. गावकर म्हणजे गावचा प्रमुख.

"हे बघा," ती म्हणाली, "याच्या शिंदीत पैदास होतेय. ती झाडं आहेत तोवर आपला एकही माड वाचायचा नाही."

"काकी, भुंगे माझ्या झाडांनाही खातायत गो," तुळाजी म्हणाला. "ते माझ्याकडे जन्माला कुठे आले?"

पण त्याचं कोण ऐकतो? शिमगा झाला की शिंदी तोडायच्या असं ठरलं. लगेच का नाही? कारण शिमग्यापर्यंत शिंदीला रस असतो, आणि तो रोज सकाळी कोण कोण पीत होतं हे सांगायला लागलो तर गावकराचंच नाव आधी घ्यावं लागेल.

शिमग्याला अजून दोन महिने होते. तोवर काकीला दम निघेना. तुळाजी गावातला एकच पाडेली, माडावर चढून नारळ उतरवणारा, पण आता त्याला बोलवायचं कोणत्या तोंडाने? म्हणून काकी स्वतःच चढायला लागली. कासोटा घट्ट मारायचा, पायात दोरीचं कडं अडकवायचं, बुंध्यावरच्या खाचांत पाय रोवायचा आणि वर जायचं. पन्नाशीची बाई माडावर बघून बायका पदराआड हसल्या. काकीने खाली बघितलंदेखील नाही. शेंड्यातल्या भोकात लोखंडी आकडा घालून ती भुंगे ओढून काढायची आणि करवंटीत टाकायची. दिवसाला पाच-सहा निघायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच.

"येतात कुठून हे मेले?" ती स्वतःशीच म्हणाली. "एकदा शिंदीवरून उडताना डोळ्यांनी बघते, म्हणजे त्या तुळाजीला तोंड उघडायला जागा राहायची नाही."

त्या दिवशी सूर्य बुडायच्या बेताला ती सगळ्यांत उंच माडावर चढली आणि तुळाजीच्या शिंदींकडे तोंड करून दबा धरून बसली. उजेड कमी झाला. घूंऽऽ असा जड आवाज आला, पण तो समोरून नव्हता. काकीने मान वळवली. आवाज तिच्या पाठीमागून, तिच्याच परसातून येत होता. गोठ्यामागच्या ढिगावरून एक काळा भुंगा वर उठला, त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. त्यातले दोन तिच्या माडांवर आले. तिसरा कुंपण ओलांडून तुळाजीच्या शिंदीवर जाऊन बसला.

काकी खाली उतरली ती सरळ ढिगापाशी गेली.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा: बसले असतील घटकाभर ढिगावर. भुंगा काय, कुठेही बसतो. हा विचार तिला फार आवडला, आणि म्हणूनच ती त्याच्यावर विश्वास ठेवीना. नवऱ्याला ती नेहमी म्हणायची, मला सोयीचं वाटतंय तेच मी आधी तपासून घेते. आता ते बोलणं तिच्याच अंगाशी आलं होतं.

सकाळी तिने ढिगाच्या कडेला हात घातला. सात राखणदार काढले. एक मोठं मडकं घेतलं, त्यात अर्ध्यापर्यंत ढिगातलंच खत भरलं, अळ्या आत सोडल्या आणि तोंडाला पातळ फडकं घट्ट बांधलं. काय होतं ते बघायचं. दर गुरुवारी ती थोडं पाणी शिंपडायची, हलक्या हाताने खत बाजूला करायची, बघायची आणि पुन्हा फडकं बांधायची.

एक अळी मेली. बाकीच्या शेण खाऊन आणखी जाड झाल्या. मग त्यांनी खाणं सोडलं. एकेकीने खत दाबून दाबून आपल्याभोवती अंड्याएवढी पोकळी केली आणि आत गप्प पडून राहिली. पुढच्या खेपेला काकीने एक पोकळी उघडली, तर आत अळी नव्हतीच. तपकिरी रंगाचं, पाय पोटाशी घेतलेलं काहीतरी होतं, आणि त्याच्या डोक्यावर लहानसा उंचवटा होता. काकीने ते झाकलं. फडकं पुन्हा घट्ट बांधलं.

शिमगा झाला. दोन दिवसांनी शिंदी तुटणार होत्या. सकाळी मडक्यातून खरवडल्यासारखा आवाज आला. फडक्याला आतून कुणीतरी ढुशा देत होतं. काकीने एक कोपरा वर केला. काळा, चकचकीत, शिंगवाला.

ती मडकं मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिली. हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. गुपचूप आपला ढीग उपसावा, अळ्या पुरून टाकाव्यात, आपले सोळा माड वाचवावेत, असं तिला वाटलं. नाही वाटलं असं म्हटलं तर गोष्ट खोटी होईल. सात वर्षांचा दिव्याचा मान होता. गावभर तुळाजीच्या नावाने केलेला शिमगा होता. सगळं गिळून गावापुढे जायचं म्हणजे काय, ते तिला कळत होतं. पण घराघरांतल्या ढिगांमधून भुंगे उठतच राहणार होते. तिचा एकटीचा ढीग मोडून माड वाचणार नव्हते. आणि कुंपणापलीकडे तुळाजी आपल्या शिंदीला टेकून बसला होता, जाणाऱ्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखा. काकी उठली.

"ठरलं," ती म्हणाली, गाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

ठरल्या दिवशी तुळाजीच्या वाडीत गाव जमलं. गावकराच्या हातात कुऱ्हाड होती. काकी मडकं कडेवर घेऊन गर्दीतून पुढे आली आणि शिंदीच्या बुंध्याशी उभी राहिली.

"कुऱ्हाड खाली ठेवा," ती म्हणाली. "भुंगे इथले नाहीत. माझ्या ढिगातले आहेत. तुमच्याही."

तिने फडकं सोडलं. आतून चार भुंगे आणि दोन अर्धवट झालेले जीव निघाले. कशातून काय झालं ते तिने पहिल्यापासून सांगितलं.

लोक एकदम बोलायला लागले. "राखणदारांना नावं ठेवतेस?" एक म्हातारी म्हणाली. "भुंगे वरून पडले असतील मडक्यात," कुणी म्हणालं.

"फडकं बांधलेलं होतं," काकी म्हणाली.

"आवडाकाकी," गावकर चिडून म्हणाला, "दोन महिन्यांपूर्वी तूच भुंगे आणून माझ्या पायाशी टाकलेस. तेव्हा खरं बोलत होतीस की आता?"

"तेव्हा मी चुकले. शेंड्यात जेवायला बसलेला भुंगा बघितला आणि तेच त्याचं घर समजले. जन्मतो कुठे, ते बघायला गेलेच नाही."

"मग दाखव."

"दाखवते. तुम्ही आपापला ढीग उकरून बघा."

कुणी जागचं हललं नाही. चारचौघांसमोर स्वतःचा ढीग उघडा करणं त्या गावात कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

"बरं तर," काकी म्हणाली. "माझा उकरते. चला सगळे. काही निघालं नाही तर या शिंदी तोडा, आणि त्याआधी माझे माड तोडा."

गाव तिच्या परसात आलं. काकीने पदर खोचला आणि ज्या जागेवर सात वर्षं दिवा लागला होता, तिथेच पहिलं खोरं घातलं. वरचा थर कोरडा होता. दोन हात खाली गेल्यावर खोरं काढताच पांढऱ्या अळ्या गडगडत पायाशी आल्या. आणखी खाली पोकळ्याच पोकळ्या होत्या, एकीत तपकिरी जीव, दुसरीत ओलसर, नुकताच काळा होऊ लागलेला शिंगवाला भुंगा. काकी थांबली नाही. टोपल्या भरत होती, खत उन्हात पसरत होती, पुन्हा खोरं मारत होती. अंगभर शेण, घामाने डोळे चुरचुरत होते. शेजारच्या कोंबड्या धावत आल्या आणि त्यांनी राखणदारांचा फडशा पाडायला सुरुवात केली. राखणदारांना नावं ठेवू नको म्हणणारी म्हातारी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

काही वेळाने कुणीतरी शेजारी येऊन खत ओढायला लागलं. काकीने वर बघितलं. तुळाजी होता.

"तुळाजी," ती म्हणाली. "मी तुझ्या पोटावर उठले होते रे. न बघता, न तपासता. चुकलं माझं."

तुळाजी टोपली भरत राहिला. दोन टोपल्या उन्हात नेऊन ओतल्या, मग म्हणाला, "राग आहे काकी मला, नाही म्हणत नाही. जाईल तेव्हा जाईल. उद्यापासून माडावर मी चढतो. तू खाली खत बघ."

गावकर कुऱ्हाड काखेत धरून तसाच उभा होता. तो वळला आणि घराकडे निघाला. लोकांना वाटलं, रागावून गेला. थोड्या वेळाने त्याच्या परसातून खोऱ्याचा आवाज यायला लागला. मग पलीकडच्या घरातून, मग त्याच्या पलीकडच्या. संध्याकाळपर्यंत गावात एकही उंच ढीग उभा राहिला नाही.

त्या पावसाळ्यात आणखी दोन माड गेले, कारण आधी उडालेले भुंगे शेंड्यात होतेच. काकी आणि तुळाजी रोज आकडा घेऊन त्यांच्या मागे लागले. दर दोन महिन्यांनी घरोघरी खत उलथून उन्हात टाकायचं, असा गावाने नेम केला. वर्ष सरलं तेव्हा उरलेल्या माडांच्या शेंड्यात भुंगा सापडेना. आणि पुढे कुणाच्या झाडाला कीड लागली, कुणी कुणाकडे बोट दाखवायला लागलं, की गावकर एवढंच विचारायचा, "स्वतःचं परस उकरून आलायस का?" निम्मे लोक तिथूनच परत फिरायचे.

या गोष्टीचं तात्पर्य काकीच्याच शब्दांत सांगायचं तर: कीड बसलेली दिसते ती जागा वेगळी आणि ती जन्मते ती जागा वेगळी, ती शोधायला निघाल तेव्हा पहिलं खोरं आपल्याच ढिगात घाला, आणि जे निघेल ते झाकू नका.