अहवालातलं एक वाक्य

“मी राजीनामा दिला होता, आचार्य. आणखी काय द्यायला हवं होतं?”

आचार्य दोएन मठाच्या ओसरीवर मटारच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही...

विचारणारे होते सेइजी कुनिएदा. वय अठ्ठ्याहत्तर. एकतिसाव्या वर्षी जपानच्या संसदेत निवडून गेले, मग एकदाही हरले नाहीत. चौदा महिने संरक्षणमंत्री होते. त्यांच्या भाषणात एक शब्द जास्तीचा सापडायचा नाही, असं लोक कौतुकानं म्हणत.

ते मंत्री असताना संरक्षण दलाचं एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. चौघं गेले. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. वैमानिक मिनोरू हागा याच गावचा. त्याची कबर मठाच्या मागेच होती. तिथे फुलं ठेवून कुनिएदा ओसरीवर आले होते.

“काय झालं होतं त्या दिवशी?” दोएननी विचारलं.

“एका बेटावर भूकंप झाला होता. औषधं पोचवायची होती. हवा खराब होती. उड्डाणाचा निर्णय घेण्यात आला.”

“कोणी घेतला?”

“मंत्रालयाकडून तशी सूचना गेली.”

“आपल्या पायांनी गेली?”



कुनिएदांनी गुडघे टेकले, हात जमिनीवर ठेवले आणि कपाळ लाकडाला टेकेपर्यंत वाकले. पाठ सरळ, मान सरळ. राजीनाम्याच्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर ते असेच वाकले होते.

दोएन हळूच उठले आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

कुनिएदांनी मान वर केली. समोर रिकामं आसन आणि सालांचा ढीग...

त्या रिकाम्या आसनासमोरच ते सरळ होऊन बसले.

“हवाई तळावरून फोन आला होता,” शेवटी ते म्हणाले. “तिथला अधिकारी म्हणाला, धुकं आहे, सकाळपर्यंत थांबू या. पण संध्याकाळपर्यंत औषधं पोचतील, असं मी संसदेत बोलून बसलो होतो. मी त्याला म्हणालो... उद्या संसदेत उत्तर द्यायला धुकं येणार आहे का? खोलीतले सगळे हसले.”

“मग?”

“मग मी म्हणालो, जाऊ द्या त्यांना.”

“मी म्हणालो,” दोएननी त्यांचेच शब्द हळू आवाजात परत म्हटले.

“हो. मी.”

“चौकशी झाली असेल.”

“झाली. अहवालात लिहिलंय, वैमानिकाचा अंदाज चुकला. त्या फोनबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. नैतिक जबाबदारी घेऊन पायउतार झालो. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पुढच्या निवडणुकीत... माझी मतं वाढली.”



ते एकदम उठले. पायरीशी जाऊन घाईघाईनं बूट चढवू लागले.

“हागाची आई खाली गावात राहते ना? मी आत्ताच जातो. तिला सांगतो, अंदाज तुमच्या मुलाचा नाही चुकला, माझा चुकला. ती हाकलून देईल. देऊ दे.”

“ती गेल्या हिवाळ्यात वारली,” दोएन म्हणाले.

कुनिएदांचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला.

“अहवालाची प्रत होती तिच्याकडे. दर महिन्याला घेऊन यायची. नजर अधू झाल्यावर मला वाचायला लावायची. सगळा नाही. तेवढं एकच वाक्य. वाचून झालं की विचारायची, अजून तसंच आहे का हो?”

“तुम्ही काय सांगायचात?”

“तसंच आहे, म्हणायचो.”

कुनिएदा पायरीवर खाली बसले. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. खालच्या गावातल्या घरांची छपरं इथून दिसत होती. त्यांतलं तिचं कोणतं, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायचंही धाडस झालं नाही.

“मला उशीर झाला, आचार्य...”

दोएननी उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

“उशीर तिला झाला. ते वाक्य बदलायला तुम्हाला अजून कुठे झालाय?”