दुकानदाराचा अंगठा

हिंगोलीकडची कौसाबाई वीटभट्टीच्या कामाला कृष्णाकाठच्या एका गावात आली, तेव्हा डब्यातलं पीठ संपत आलं होतं आणि खाणारी तीन पोरं होती. शेजारची शांताक्का म्हणाली, "अगं, आता रेशनकार्ड कुठल्याही गावात चालतं." त्या माऊलीला मनोमन दुवा देत कौसाबाई पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभी राहिली.

दुकानदार दौलतराव स्वतःला गावचा अन्नदाताच समजायचे. गहू सरकारचा, पण मिशीला पीळ यांचा! कार्डाकडे नीट न पाहताच ते गरजले, "हिंगोलीचं कार्ड? मग हिंगोलीलाच जा, बाई."

"मशीनवर अंगठा तर ठेवू द्या, दादा. मशीननं नाही म्हटलं तर मी जाते."

"मशीनला काय विचारायचं? मी नाही म्हणतोय ना!"

कौसाबाईनं पदर सावरला आणि ती शांतपणे म्हणाली, "दादा, सरकारनं तुम्हाला आमचा अंगठा घ्यायला बसवलंय, आम्हाला अंगठा दाखवायला नव्हे."

रांगेत हशा पिकला. दौलतरावांची मिशी खाली आली आणि मशीन पुढं आलं. अंगठा टेकला, तसं हिंगोलीच्या कौसाबाईचं नाव त्यावर झळकलं.

पिशवी भरताच तिनं हात जोडले. "लई उपकार झाले, दादा. पोरं आज पोटभर जेवतील."

टोमण्यानं चिडलेले दौलतराव त्या नमस्कारानं विरघळले. तेव्हापासून परगावचं कार्ड दिसलं, की तेच मशीन पुढं करून म्हणतात, "ठेवा अंगठा, ताई! माझा मी मुठीत झाकून ठेवलाय."