मोठ्या कोर्टात पाठवावे किंवा कसे

विषय : सतरावे वर्ष लागलेल्या एका विधिसंघर्षग्रस्त बालकाची खुनाच्या आरोपाखाली बाल न्याय मंडळापुढेच चौकशी व्हावी, की त्याला प्रौढ समजून मोठ्या कोर्टात खटला चालवावा, याबाबत मानसतज्ज्ञांचा अभिप्राय.

विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणजे गल्लीत ज्याला 'ते खुनी पोरगं' म्हणतात, तेच. हा शब्द बालकाला उच्चारता येत नाही. पण तो मंडळातल्या निम्म्या मोठ्या माणसांनाही येत नसल्यामुळे त्यावरून वय ठरवता येईना. म्हणून डॉ. रणधीर नलवडे यांची नेमणूक झाली.

अभिप्राय दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तो लिहून तयारही होता. तरी संध्याकाळी डॉक्टर तालमीत आले. लहानपणी ते याच लाल मातीत लढले होते आणि इलाही वस्तादांनी एकदा त्यांना 'शाबास' म्हटलं होतं. पुढे पदव्या पुष्कळ मिळाल्या. शाबासकी काही कुणी दिली नाही.

"वस्ताद, पोराला तुम्ही मोठ्यांच्या कुस्तीत कधी सोडता? त्याला कळतंय की नाही, हे कसं ओळखता?"

वस्ताद हौदाच्या कट्ट्यावर बसले होते. मातीत झुंजणाऱ्या पैलवानांवरची नजर त्यांनी काढली नाही.

"त्याला इचारत न्हाई."

"का?"

"इचारलं तर समदीच व्हय म्हणत्यात. धा वर्साचं बी म्हणतंय, हत्ती आणा."

डॉक्टर हसले. शिकलेला माणूस न शिकलेल्या गुरूपुढे हसतो, तसे.

"मी विचारलं. शास्त्रशुद्ध विचारलं. लोखंडी पाइप डोक्यात घातला तर माणूस मरतो, हे ठाऊक होतं का? होतं म्हणाला. आत जावं लागतं, हे? होतं. आई रडेल, हे? तेही होतं. सगळे परिणाम कळत होते. म्हणजे तो मोठा. सरळ आहे."

"सरळ हाय, मग वाट वाकडी करून इकडं कशाला आलास?"

डॉक्टर कमरेचा पट्टा सारखा करू लागले.

"मोठ्या कोर्टात गेला तर?"

"जन्मठेपसुद्धा होईल."

"आन् मंडळानं ठेवून घेतला तर?"

"जास्तीत जास्त तीन वर्षं. सुधारगृहात." डॉक्टरांचा आवाज जरा खाली आला. "मेलेल्याची बायको दर तारखेला येते, वस्ताद. कडेवर तान्हं असतं. परवा मला म्हणाली, माझ्या माणसाच्या जिवाला तीनच वर्षं व्हय? तिला काय सांगू?"

हौदात कुणीतरी चितपट पडला, उठला, पुन्हा भिडला.

"तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी बी काय न्हाई," ते म्हणाले, आणि उठायला खांब धरू लागले.

"थांबा, मी उठवतो."

"ऱ्हाऊ दे. कमरेला पट्टा दिसतोय तुझ्या."

"आहे. मणक्याचं दुखणं. वजन उचलायला मनाई आहे."

"मग ऱ्हाऊ दे, लेका. आता तुझ्यात काय ऱ्हायलं न्हाई."

हौदातली धडपड थांबली. एक पैलवान फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "डॉक्टरसायेब, खुर्चीवर बसा की. पंखा लावतो."

डॉक्टरांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. बाह्या वर सारल्या. वस्तादांचे दोन्ही हात धरले, पाय रोवले आणि ओढलं.

वस्ताद बोटभर हलले. डॉक्टर खाली बसले, आणि बसलेच. मणक्याने आपला अभिप्राय मुदतीच्या आत दिला.

दोघांनी धरून त्यांना कट्ट्याला टेकवलं. आता कुणी हसत नव्हतं. वस्तादांनी तेलाची वाटी मागवली आणि स्वतःच्या हातानं त्यांची कंबर चोळायला घेतली.

"कंबर जाईल, हे ठाऊक व्हतं?"

"...होतं."

"घरात बोलणी खावी लागत्याल, हे?"

"तेही."

"वय काय तुझं?"

"बावन्न."

तेल जिरेपर्यंत वस्ताद चोळत राहिले.

"मग का ओढलंस?"

डॉक्टर मातीकडे बघत राहिले. मग हौदातल्या पैलवानांकडे.

"...ही सगळी बघत होती."

वस्तादांचा हात थांबला.

"कोण बघत व्हतं, हे त्या पोराला इचारलंस?"

दुसऱ्या दिवशी अभिप्राय सादर झाला नाही. बालकाला पुन्हा भेटणे आवश्यक असल्याने मुदत वाढवून मिळावी, असा अर्ज डॉ. नलवडे यांनी केला आहे. त्यास मृताच्या पत्नीने लेखी हरकत घेतली आहे.

अर्ज प्रलंबित आहे.