लिंपलेला बांध

पूर्वी वेणुमती नदीच्या वरच्या खोऱ्यात मेघवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या योनीत जन्माला आला होता आणि राजाच्या सोन्याच्या खाणीवर ओझी वाहत होता. तिंबरू नावाच्या म्हाताऱ्या माहुताला त्याचे बोलणे समजे. हत्ती वयाने थोडा मोठा, म्हणून तिंबरू त्याला 'दादा' म्हणे; हत्ती त्याला मायेने 'बाबा' म्हणे.

खडकावर लाकडे पेटवायची, दगड तापला की त्यावर पाणी ओतायचे, तडकलेला दगड कुटून धुवायचा, असे तिथले काम होते. गाडीभर दगडातून नखाएवढे सोने निघे, आणि त्या नखासाठी अख्खा डोंगर बोडका झाला होता. उरलेला चिखल एका घळीत साठवत. घळीच्या तोंडाशी मातीचा बांध होता. चिखल वाढला की बांधावर आणखी माती चढवत.

बांधाखाली नदी होती आणि तिच्या काठी सोनझाऱ्यांचे गाव. वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारी ही माणसे. बांधातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांची नदी राखेच्या रंगाची झाली होती, मासे संपले होते, आणि लेकरांच्या अंगावर फोड उठत. राजाच्या मुकुटाकडे पाहून यातले काहीच कळत नसे.

खाणीवर एक खुळी रीत होती. राजा यायचा असला की बांध त्या चिखलानेच लिंपून काढत. त्यात अभ्रक असे, त्यामुळे बांध उन्हात झगमगे. खाणीचा अधिकारी वज्रक यावर बेहद्द खूश असे. बांधाने ओल कुठे धरली आहे, ते त्या लिंपणाखाली झाकले जाते, हे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही.

अशाच एका सकाळी राजाच्या स्वागताची कमान उभारायला बोधिसत्त्व बांधावर चढत होता. हत्ती अंगाचा भार टाकण्याआधी जमीन चाचपतो. त्याने पाय टेकला आणि जमीन थरथरली. लिंपणाचा पोपडा सुटला, आतून गढूळ पाणी वाहू लागले.

"बाबा, बांध आतून पोकळ झाला आहे," तो म्हणाला.

तिंबरूने खाली वाकून पाहिले. खाली नदीच्या पात्रात गावातल्या बायका लेकरांसह लाकडी पाट्या घेऊन उभ्या होत्या. राजा आला की पहिली पाटीभर वाळू त्याच्या नावाने धुवायची, असा तिथला शिरस्ता होता.

तो धावत वज्रकाकडे गेला. "धनी, बांधाला पाझर फुटलाय! त्या बायापोरांना वर बोलवा!"

"शुभ दिवशी अभद्र बोलू नकोस, म्हाताऱ्या. महाराज वळणावर आलेत. नदी रिकामी दिसली तर मी काय तोंड दाखवू? स्वागत उरकू दे, मग बघू."

तिंबरू बांधाच्या टोकाला आला, जीव तोडून ओरडला, डोक्याचे फडके सोडून हलवू लागला. ढोलांच्या आवाजात काही ऐकू गेले नाही. राजा आल्याची ती खूण समजून बायका आनंदाने बांधाच्या अगदी जवळ आल्या आणि पाट्यांत वाळू धुवू लागल्या.

आता वेळ उरला नव्हता. घळीच्या दुसऱ्या अंगाला सोन्याच्या खाणीचा खोल खड्डा होता. चिखल तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये ओंडके रचलेले होते. ते बोधिसत्त्वानेच रचले होते.

"बाबा, खाणीत कोणी आहे?"

"कोणी नाही. सगळे स्वागताच्या रांगेत आहेत."

"मग तू लांब जा."

"दादा, ती महाराजांची खाण आहे! तुला जिवंत ठेवायचे नाहीत."

"ठाऊक आहे," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने पहिल्या ओंडक्याला सोंड घातली.

एवढ्यात राजा येऊन पोचला. आपल्या खाणीचा आडोसा हत्ती उपसतो आहे हे पाहून त्याचा संताप अनावर झाला. "मारा त्याला!" तो ओरडला. एक बाण खांद्यात घुसला, दुसरा पुढच्या पायात. बोधिसत्त्व गुडघ्यावर आला, पण त्याने ओंडका सोडला नाही. ओंडके निखळले. सारा चिखल गर्जना करीत खाणीत कोसळला आणि सोन्याची शीर दिसेनाशी झाली.

मग बांध फुटला. चमकते लिंपण गळून पडले, पाठोपाठ भिजलेली माती ढासळली. उरलासुरला चिखल नदीत आला तेव्हा बायका लेकरांना कडेवर घेऊन पळत होत्या. त्यांच्या गुडघ्यापर्यंत तो पोचला आणि ओसरला. कोणीही दगावले नाही.

तिंबरूने रडत सगळे सांगितले. तेव्हा राजा हत्तीजवळ आला, त्याने स्वतःच्या हाताने बाण काढले आणि म्हणाला, "गजराज, माझी चूक झाली. माग. तुझे दात सोन्याने मढवू का?"

तिंबरूच्या तोंडून हत्तीचे उत्तर आले, "महाराज, या लेकरांना नदीचे पूर्वीचे पाणी द्या."

राजाने नदीकडे पाहिले. वज्रकाने मान खाली घातली.

"ते माझ्याजवळ नाही," राजा म्हणाला.

"मग जे परत देता येत नाही, ते घेऊ नका."

राजाने खडक तापवणारी डोंगरावरची आग कायमची विझवली. बोधिसत्त्व लंगडत का होईना, उरलेले आयुष्य त्या डोंगरावर रोपे वाहत राहिला. त्याच्या हयातीत नदीत मासा परतला नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, भिक्षूंच्या संघासाठी सोन्याचे पात्र घेऊन आलेल्या एका धनाढ्य श्रेष्ठीला सांगितली. "तेव्हाचा मेघवर्मा म्हणजे तू. तिंबरू म्हणजे माझ्याजवळ बसलेला हा वृद्ध थेर भिक्षू. वज्रक म्हणजे तू येणार म्हणून विहाराच्या भेगा चुन्याने बुजवणारा तो भिक्षू. आणि तो हत्ती मीच होतो." भिक्षूने चुन्याचे हात चीवरात लपवले. श्रेष्ठी पात्र घेऊन उठला आणि दुसऱ्या दिवशी मातीचे घेऊन आला. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जो गुण जपला, तो करुणा.