उलथण्याची शिळा

खडकुंबे गावाच्या वर, नाचणीची शेतं सुरू होतात तिथे एक लांबट, सपाट शिळा आहे. कापणीच्या दिवसांत सकाळी तिच्यावर विळे ओळीने मांडलेले दिसतात. ओळीत पहिलं मात्र असतं भाकरी परतायचं लोखंडी उलथणं. गावात कोण काय पिकवतं, काय खातं याची माहिती गोळा करायला शहरातून पाहुणे येतात, ते या उलथण्याचा आधी फोटो काढतात आणि मग विचारतात, "हे इथे कसं?" मग गावातले म्हातारे धाकलू आबा पागोटं सारखं करतात, शिळेवर टेकतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी इथे इर्जिकीशिवाय कापणी होत नसे. आज एकाच्या शेतात सगळा गाव राबायचा, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कसली, ज्याचं शेत त्याने दुपारी जेवू घालायचं, एवढंच. पण एका दुष्काळी वर्षी कुणी भाकऱ्या कमी पाठवल्या, कुणी दडवल्या, आणि गावात डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा डोंगराई देवीपुढे सगळ्यांनी नेम केला, असं सांगतात. सकाळी ज्याने त्याने आपला विळा शिळेवर ठेवायचा, गावड्याने, म्हणजे गावच्या मुख्याने, ते मोजायचे, आणि जितके विळे तितक्याच भाकऱ्या यायच्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

भांडणं मिटली. लोकांना नेम फार आवडला. करणारे सगळे शेतात राबणारे होते, त्यामुळे चुलीपाशी कोण बसलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

भिवरा नावाची विधवा बाई होती. तिची सून सुंदा, लग्नाला वर्ष होत आलेलं, पाचवा महिना लागलेला. मुलगा मीठ आणायला बैल घेऊन घाटाखाली गेला होता. भिवरा तोंडाने फटकळ, पण सुनेवर तिचा भारी जीव. पहाटे सुनेच्या अंगावरचं सरकलेलं घोंगडं ती हळूच सारखं करायची आणि उजाडल्यावर पुन्हा तिच्यावर ओरडायची.

त्या साली भिवराच्या शेताची पाळी सगळ्यात शेवटी आली. कणसं पिकून वाकली होती आणि डोंगरामागून अवकाळी ढग वर येत होते. त्या दिवशी कापणी उरकली नाही तर वर्षाचं धान्य मातीत जाणार होतं. शिळेवर भिवराचा धरून एकवीस विळे लागले. भिवराने सुनेला बजावलं, "एकवीस. मोजून. एकीचाबी फरक पडला तर माझं नाव जाईल."

"आणि माझं काय, आत्याबाई?"

"काठवटीला लागलेलं खरवडून खायचं. मी तीस वर्सं तेच केलं. मेले का मी?"

दुपारी सुंदा टोपलं घेऊन चढ चढून आली. घाईत उलथणं कमरेलाच खोचलेलं राहिलं होतं. माणसं विळे शिळेवर ठेवून जेवायला बसली. सुंदाने प्रत्येकाच्या हातावर भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं, एकविसावी भाकरी सासूला दिली, आणि तिथेच ती खाली कोसळली.

भिवरा धावली. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिने तोंडावर पाणी मारलं. "काय खाल्लंस गं सकाळपासनं?"

सुंदाने डोळे उघडले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "पीठ कमी पडलं. काठवटीतलं खरवडून एकविसावीत घातलं. माझा विळा कुठंय तिथं, आत्याबाई?"

तीस वर्षांत 'काय खाल्लंस' असं आपल्याला कुणी विचारलं नाही, आणि आपणही कुणाला विचारलं नाही, हे भिवराला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. हातातल्या भाकरीचा घास तिने सुनेच्या तोंडात घातला. मग सुनेच्या कमरेचं उलथणं काढलं आणि जाऊन विळ्यांच्या ओळीत सगळ्यांच्या आधी ठेवलं.

गावडा म्हणाला, "भिवरे, नेम डोंगराईचा हाय. ढग बघ. उगा येळ घालवू नगंस."

"शेत माझं हाय, कुजू दे," भिवरा म्हणाली. "माझी सून मोजल्याबिगर एक कणीस कापू द्यायची न्हाई. डोंगराई कोपली तर माझ्यावर कोपू दे."

ढग माथ्यावर आले. कुणीच हललं नाही. शेवटी गावड्यानेच उरलेल्या भाकरीचा एक तुकडा मोडून सुंदाच्या ओटीत टाकला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. ज्यांची भाकरी खाऊन झाली होती ते मान खाली घालून बसले. गावड्याने ओळ पुन्हा मोजली आणि मोठ्याने म्हणाला, "बावीस."

तेवढ्यात वारा फिरला आणि ढग खिंडीतून पलीकडे गेले, म्हणे. आबा इथे जरा हसतात. खिंडीतला वारा तिसऱ्या प्रहरी फिरतोच, ते स्वतःच कबूल करतात. पण त्या दिवशी तो फिरला तेव्हा सगळ्या बाया रडत होत्या, एवढं मात्र खरं, असं त्यांची आजी सांगे.

तेव्हापासून पहिला घास रांधणारीचा. आता खडकुंब्यात नाचणी थोडी उरली आहे. रेशनचा गहू आला, चपात्या आल्या, लग्नात आचारीसुद्धा तालुक्याहून येतो. तोही पंगतीआधी बाहेर बोलावला जातो, आणि गावातली म्हातारी त्याला आपल्या हाताने पहिला घास भरवते. बिचारा घाम पुसत लाजून खातो.

आणि आजही गावातल्या कुठल्याही घरी जा, हातात कागद घेऊन विचारा, "घरात जेवणारी माणसं किती?" बाई चुलीपुढून उठत नाही. बोटं मोजायला लागते. आधी अंगठा दुमडते आणि म्हणते, "मी." मग बाकीच्यांची नावं घेते.