कणकेचं काळीज

खण्णकन वरणाचं पितळी ओगराळं फरशीवर पडलं. साठ वर्षं होत आली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

ओगराळ्यापाठोपाठ हिरामण पडला.

शुद्धीवर आला तेव्हा त्याचा हात छातीवर होता आणि आमच्या मठाचे बाबा त्याच्याशेजारी बसले होते.

“बाबा, माझंही काळीज गेलं का?”

त्याचा बाप चाळिशीत काळजाच्या दुखण्यानं गेला होता. थोरला भाऊही तसाच.

गिरणा नदीकाठच्या त्या मठात मी चुलीत लाकडं सारायचो आणि पोळ्या भाजायचो. हिरामण पंगतीला वाढायचा. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्याचा नेम. मठात शेवटचा पाहुणा कधी नसायचाच. मी त्याच्यासाठी पोळी झाकून ठेवली, तर तीही तो कुणाला तरी देऊन यायचा. वर मला ऐकवायचा, “तू खाऊन घे शिवा. तुला नाही जमायचं हे.”

आमचे केवलगिरीबाबा संन्यास घेण्याआधी डॉक्टरकी शिकवायचे. त्यांनी हिरामणच्या छातीला कान लावला. बराच वेळ...

“खोट काही नाही,” बाबा म्हणाले. “ठणठणीत आहे. पोटभर कधी जेवलास?”

“एकादशीला... नाही, तेव्हा तर उपासच होता.”

माझा जीव भांड्यात पडला. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

हिरामण लगेच उठायला लागला. “मग जातो बाबा. पंगत बसलीय. वरण कोण वाढणार?”

“बस.”

बाबांनी परातीतली कणीक घेतली. हिरामणला मूठ मिटायला सांगितली आणि तेवढाच गोळा केला. अंगठ्यानं त्यात चार खळगे पाडले.

“वर दोन खोल्या, खाली दोन. मधे भिंत. अंगभर फिरून आलेलं रक्त उजवीकडं येतं. उजवी खालची खोली ते फुप्फुसाकडं पाठवते. तिथं ताजं होऊन ते डावीकडं परत येतं. मग डावी खालची खोली सगळ्या अंगाला वाढते.”

“आणि उलटं फिरलं तर?”

“दारं आहेत. एकाच बाजूला उघडतात.”

“म्हणजे वाढपीच की!” हिरामणचा चेहरा उजळला. “माझ्यासारखं.”

“हं. मग सांग, ते स्वतः कुठून पितं?”

“हे काय विचारणं बाबा? आत भरलंय की काठोकाठ.”

“आतलं त्याच्या कामाचं नाही. भिंती जाड. आतून मुरत नाही.”

“मग?”

बाबांनी कणकेची एक जाड वळी केली आणि गोळ्याच्या डोक्यावर बसवली. “ही मोठी वाट. डोकं, हात, पाय, सगळ्यांना इथूनच जातं.”

मग दोन बारीक वळ्या केल्या. त्या मोठ्या वाटेच्या अगदी बुडाशी चिकटवल्या. गोळ्यावरून खाली आणल्या, एक इकडून, एक तिकडून.

“या दोन सगळ्यांत आधी फुटतात. दारातच.”

हिरामण वाकून बघत राहिला.

“या तर त्याच्याच अंगावर परत आल्या.”

“हो.”

“डोक्याच्याही आधी?”

“डोक्याच्याही आधी. आणि ठोका झाला की ते क्षणभर सैल पडतं ना... तेव्हाच त्या नीट भरतात.”

हिरामणचा हात पुन्हा छातीवर गेला.

चुलीत लाकूड तडतडलं. बाहेरून हाक आली, “अहो, वरण आणा!”

“पण बाबा...” त्याचा आवाज बारीक झाला होता. “लोक काय म्हणतील? वाढप्यानंच आधी खाल्लं तर...”

तो कणकेचा गोळा, वाटांसकट, बाबांनी तळहातावर दाबला आणि माझ्याकडं दिला. मी लाटून तव्यावर टाकला. पोळी टम्म फुगली.

बाबांनी ती हिरामणच्या हातात ठेवली. फरशीवरचं ओगराळं उचललं, धुतलं, वरणाच्या बादलीत घातलं. बादली घेऊन स्वतः पंगतीकडं निघाले.

हिरामणनं पहिला घास तोडला. तो चावत होता आणि रडत होता.

दारात बाबा थांबले.

“इतकी वर्षं शिकवलं मी... पण हृदयाला अधाशी म्हणणारा अजून कुणी भेटला नाही.”